दाढदुखी, खसखस आणि रोम

पहिला दिवस : नदीतलं बेट

"मामा, हे काय? अनारसे बोडके?"

रोमच्या विमानतळावर बाकावर बसल्या बसल्या भाचीने डबा उघडला आणि पहिलं वाक्य हे. तिची आई, म्हणजे माझी ताई, तीन दिवस तांदूळ भिजवून, कुटून, गूळ कालवून बसली होती. ऐन थापायच्या वेळी मी तिच्यापुढून खसखशीची वाटी उचलली. कारण माझं तिकीट दुबईमार्गे होतं, आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या झाडाची बी ती, त्यांच्या कायद्याला तेवढं पुरतं. शेवटी अनारसे साखरेवर थापले. मी निघेपर्यंत ताई माझ्याशी धड बोलली नाही.

माझं सांगलीत काष्ठौषधींचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. भाची इकडे बोलोन्यात जुन्या भित्तिचित्रांचं जतन कसं करायचं ते शिकते. दिवाळीत ती दुकानात येऊन बसली होती. खण उघडून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, पिंपळी हुंगून झाल्यावर म्हणाली, "मामा, हा सगळा माल दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये विकला जायचा. ये एकदा, दाखवते." मी पासपोर्ट काढला तो त्या वाक्यावर.

सामान खोलीवर टाकून संध्याकाळी तिबेर नदीतल्या बेटावर गेलो. इ.स.पू. 293 मध्ये रोममध्ये मोठी साथ आली. तेव्हा ग्रीसमधल्या एपिडॉरसहून अस्क्लेपिअस या वैद्यदेवाचा साप जहाजातून आणला. साप जहाजातून उतरला तो सरळ या बेटावर गेला, म्हणून देऊळ इथेच बांधलं, अशी कथा. पुढे बेटालाच जहाजाचा आकार द्यायला म्हणून दगडी बांधकाम केलं. त्याचा एक तुकडा अजून काठावर आहे, त्यावर देवाची काठी आणि तिला विळखा घातलेला साप. झिजलाय, पण उतरत्या उन्हात तिरपं पाहिलं की वेटोळं दिसतं.

रोगी देवळात रात्री झोपायचे. स्वप्नात देव येऊन उपचार सांगायचा. बरा झालेला अवयव मातीचा घडवून वाहायचा, तसे भाजक्या मातीचे हात, पाय, डोळे नदीच्या गाळात सापडले आहेत. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात, ते आठवलं. काही मालक आजारी गुलामांना औषधपाण्याचा खर्च नको म्हणून या बेटावर आणून टाकायचे. क्लॉडिअस बादशहाने फर्मान काढलं, की असा टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र.

बेटावर आजही रुग्णालय आहे. आम्ही कठड्यावर बसून बोडके अनारसे खाल्ले.

दुसरा दिवस : दगडातली बोंडं

सकाळी आरा पाचिस. ऑगस्टस बादशहाच्या काळातली ही संगमरवरी वेदी, इ.स.पू. 9 मध्ये अर्पण केलेली. आता ती काचेच्या मोठ्या इमारतीत आहे. बाहेरच्या एका शिल्पपट्टीत मांडीवर दोन बाळं घेतलेली स्त्री बसली आहे. ती भूमाता, की शांती, की व्हीनस, यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही. भाचीने मला तिच्याकडे बघूच दिलं नाही. "चेहरा नंतर. बाजूला बघ, खाली."

बाजूला गव्हाच्या ओंब्या, आणि ओंब्यांच्या शेजारी अफूची बोंडं. गोल पोट आणि वर कंगोऱ्यांची चपटी टोपी. दगडात असूनही हात लावला तर आतली बी खुळखुळेल असं वाटावं. पोस्ताची बोंडं मी लहानपणी दुकानात पाहिलेली आहेत. ती टोपी एकदा पाहिली की माणूस विसरत नाही.

गहू आणि अफू ही जोडी सेरेस या धान्यदेवीची. तिच्या पुतळ्यांच्या हातात दोन्ही एकत्र असतात. एका बोंडात हजारो दाणे, तेव्हा सुबत्तेची खूण म्हणून समजतं. पण रोमन कवी ओव्हिड आणखी सांगतो. मुलगी हरवल्यावर सेरेस अन्नपाणी सोडून भटकत होती. एका गरीब घराकडे जाताना तिने वाटेतलं अफूचं बोंड तोडलं, नकळत चाखलं आणि तिचा उपास मोडला. त्या घरातल्या आजारी पोराला तिने दुधातून अफू देऊन झोपवलं. मुंबईच्या गिरण्यांच्या दिवसांत कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्यांना बाळागोळी देत, तीत अफूच असे. आजी हे सांगताना आवाज खाली घ्यायची.

ओव्हिडनेच नोंदवलेला आणखी एक रिवाज. 1 एप्रिलला व्हीनसचा सण असे. त्या दिवशी बायकांनी वाटलेली खसखस पांढऱ्या शुभ्र दुधात आणि मधात घालून प्यायची. कारण व्हीनसला नवऱ्याकडे नेलं तेव्हा तिनेही हेच प्यायलं होतं. म्हणजे गुळाऐवजी मध घातलेली खसखशीची खीर. आम्ही पोचलो तेव्हा हा सण होऊन तीन आठवडे लोटले होते.

"आणि केटोच्या शेतीच्या पुस्तकात अनारसे आहेत," भाची म्हणाली. केटो हा जुना रोमन लेखक. अनारसे नव्हेत, पण जवळचे नातेवाईक. पीठ आणि ताजं चीज मळून गोळे करायचे, चरबीत तळायचे, मध लावायचा आणि वर खसखस भुरभुरायची. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली कृती. ताईला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना मिळत होती ना खसखस, मग!"

दुपारी कॉफीबरोबर बदामाचं बिस्किट आलं. इथे ते बुडवून खातात हे मला माहीत नव्हतं. मी कोरडंच चावलं आणि उजव्या बाजूच्या दाढेतलं जुनं सिमेंट निघून हातात आलं.

रात्री आठला ठणका असह्य झाला. हिरव्या दिव्याच्या क्रॉसखालच्या औषधाच्या दुकानात गेलो. भाचीकरवी विचारलं, कोडीन असलेलं काही आहे का? काउंटरमागच्या बाईंनी नम्रपणे डॉक्टरची चिठ्ठी मागितली आणि आयबुप्रोफेन हातात ठेवलं. बरोबरच केलं त्यांनी, मीही तेच केलं असतं. कोडीन अफूतलंच. पण ज्या गावात ती बाजारात वडीने विकली जायची, तिथे मला मिळू नये याचं हसू आलं. हसल्याने दाढ आणखी दुखली.

तिसरा दिवस : बादशहाची गोळी

गालावर हात धरून फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक. ऊन चढलेलं, भग्न खांबांच्या बुंध्याशी लालभडक पॉपी फुललेल्या. मी दहा-बारा फोटो काढले. भाचीने मग सांगितलं, की ही शेतातली रानटी जात, हिच्यात मॉर्फिन नाही. अफूची फुलं मोठी, पांढरी नाहीतर जांभळट असतात.

मॅक्सेंटिअस बादशहाच्या प्रचंड कमानींखाली पूर्वी होरेआ पिपेराटारिया होतं, म्हणजे मिऱ्यांची कोठारं. डोमिशियन बादशहाने बांधलेली. मिरी केरळच्या किनाऱ्यावरून यायची, आणि आपल्याकडचा माल भडोच बंदरातून. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत भडोचहून निघणाऱ्या जिनसांची यादी आहे. जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, दारुहळदीचा रसांजन, हस्तिदंत, सुती कापड, पिंपळी. भडोचला माल पाठवणाऱ्या गावांत पैठण आणि तेर यांची नावं आहेत. बंदरांत सोपारा आणि कल्याणही येतात. थोरला प्लिनी या पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाने रोममधले भाव लिहून ठेवलेत. पौंडाला पिंपळी 15 दिनार, पांढरी मिरी 7, काळी 4. माझ्याकडे आजही पिंपळी मिऱ्यापेक्षा महागच आहे. भारतात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात म्हणून प्लिनी कुरकुरतो. ती कुरकुर मला, विकणाऱ्याच्या बाजूने, गोड वाटली.

याच भागात गेलन या वैद्याचं कोठार होतं. गेलन पर्गमॉनचा, इ.स. 162 मध्ये रोमला आला आणि मार्कस ऑरेलियस बादशहाचा वैद्य झाला. 192 च्या आगीत त्याची पुस्तकं, हत्यारं, औषधं सगळं जळालं. त्या नुकसानीबद्दल त्याने लिहिलेलं पत्र हरवलं असंच समजत होते, ते 2005 मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका मठातल्या हस्तलिखितात सापडलं. माल जळाल्याची हळहळ काय असते ते दुकानदाराला सांगावं लागत नाही.

गेलन बादशहासाठी थेरिआका बनवायचा. नीरोच्या वैद्याने, अँड्रोमाकसने, जुन्या विषउताऱ्यात फेरफार करून ती बसवली होती. साठाहून जास्त घटक, त्यात सापाचं मांस आणि अफू. बादशहा रोज इजिप्तच्या घेवड्याएवढी, म्हणजे कमळाच्या बीएवढी, गोळी घ्यायचा. दिवसा कामात पेंग येऊ लागली म्हणून त्याने अफू काढून टाकायला लावली. मग रात्र रात्र झोप येईना. शेवटी अफू परत घालावी लागली. हे गेलनने स्वतः लिहिलंय. यावरून 1961 मध्ये एका अमेरिकी इतिहासकाराने बादशहा अफूचा व्यसनी होता असं मांडलं. इतरांनी ते खोडून काढलं, की इतक्या घटकांत अफूचा वाटा तो किती.

कॅपिटोलाइन संग्रहालयात घोड्यावरचा मूळ ब्राँझचा मार्कस आहे, बाहेर चौकात आहे ती प्रतिकृती. त्याच्या टाचेखाली उभा राहून मी माझं मत बनवलं. "बंद केली तर झोप लागेना, म्हणून परत सुरू केली" हे वाक्य मी काउंटरवर किती जणांकडून ऐकलंय, झोपेच्या गोळ्यांबद्दल. व्यसनी म्हणा न म्हणा, सवय नक्की लागली होती.

भाचीला लॅटिन बऱ्यापैकी येतं. जेवताना तिने 'वेनेनम' या शब्दाची गंमत सांगितली. अर्थ विष, आणि औषधही. इ.स.पू. 81 मध्ये सुल्ला या रोमन हुकूमशहाने विषप्रयोगाविरुद्ध कायदा केला, तेव्हा हाच शब्द वापरला. पुढे गायस नावाच्या कायदेपंडिताने लिहून ठेवलं, की वेनेनम म्हणणाऱ्याने चांगलं की वाईट तेही सांगावं, कारण औषधंही वेनेनमच. दुकानदारांसाठीही कलम होतं. कुणालाही विचार न करता विषारी हेमलॉक, बचनाग, मँड्रेक किंवा स्पॅनिश माशी नावाचे किडे देणाऱ्या पिगमेंटारीला, म्हणजे माझ्या व्यवसायबंधूला, शिक्षा. बचनाग माझ्याकडेही येतो. आजोबा तो गोमूत्रात शुद्ध करायचे आणि गुंजेच्या तराजूवर मला हात लावू द्यायचे नाहीत. मात्रा चुकली की दुकानाला टाळं, म्हणायचे.

चौथा दिवस : गाडीत

पाऊस. नेपल्सची गाडी उशिरा. दाढ.

स्क्रिबोनिअस लार्गस नावाचा वैद्य क्लॉडिअस बादशहाबरोबर ब्रिटनपर्यंत गेला होता. त्याने पाककृतींसारखी 271 औषधांची वही लिहून ठेवली. डोकेदुखीला तो काळा टॉर्पेडो मासा, विजेचा झटका देणारा, जिवंत कपाळावर ठेवायला सांगतो. अफूबद्दल बजावतो, की ती बोंडांच्या चिकाची हवी, दुकानदार पानांच्या रसाची करून देतात. आणि दातदुखीला हायोसायमसच्या, म्हणजे खुरासानी ओव्याच्या, बिया निखाऱ्यावर टाकून धुरी घ्यायची, मग कोमट पाण्याने चूळ भरायची. कधी कधी किडे पडल्यासारखं काही बाहेर येतं, म्हणतो.

मी गाडीत ताडकन उठून बसलो. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली कीड पाडणारे बसायचे. वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे तरंगताना मी डोळ्यांनी पाहिलेत. किडे कसले? बी तापली की फुटते आणि आतला वळलेला कोंब बाहेर पडतो. तो पांढरा, वाकडा, अळीसारखाच दिसतो. ठणका कमी होतो तो वेगळ्या कारणाने. खुरासानी ओव्यात हायोसायमीन आणि स्कोपोलामीन असतं, ते बधिर करतं, आणि जास्त झालं की भ्रम आणतं.

नेदरलँड्समध्ये रोमन साम्राज्याच्या हद्दीवरच्या एका वस्तीत शेळीचं किंवा मेंढीचं पोकळ हाड सापडलं. आत शेकड्यांनी खुरासानी ओव्याच्या बिया आणि तोंडाला बर्चच्या सालीच्या डांबराचं बूच. पहिल्या शतकाच्या शेवटचं. 2024 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. एवढं बूच लावून कुणी सहज बिया ठेवत नाही.

"तुला आणून देऊ का धुरीला?" भाचीने विचारलं. तिच्या पिशवीत लवंग होती, ती दाढेखाली धरली.

पाचवा दिवस : नेपल्स, आणि भोकरदन

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातली शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत. चिमटे, सळया, हुक, दांड्या फिरवून उघडणारी योनिदर्शक यंत्रं. ब्राँझचं काम इतकं बारीक, की चिमट्यांची टोकं आजही जुळतात. अशा हत्याराखाली झोपणाऱ्याला आधी काय देत? डायोस्कोरिडीस सांगतो, मँड्रेकची मुळी घातलेली वाइन, कापायच्या किंवा डागायच्या माणसाला कळू नये म्हणून. हा सिलिशियाचा ग्रीक. पहिल्या शतकात याने पाच भागांत सहाशेच्या आसपास वनस्पती नोंदवल्या.

औषधांचा माल फार क्वचित टिकतो. भाचीने गेल्या वर्षी पाहिलेलं एक उदाहरण सांगितलं. टस्कनीच्या किनाऱ्याजवळ इ.स.पू. दुसऱ्या शतकात एक जहाज बुडालं, त्यात कथलाची डबी, आणि आत सपाट गोल वड्या. पाणी गेलं नाही म्हणून वड्या शाबूत. 2013 मध्ये तपासणी झाली. मुख्यतः जस्ताची संयुगं, शिवाय मेण, पाइनची राळ, पिठूळ. डोळ्यांचं औषध असणार. लॅटिनमध्ये डोळ्यांच्या औषधाला कोलिरियम म्हणत, मूळ ग्रीक अर्थ छोटी भाकरी. आपल्याकडे अंजनवडी.

मग ती मला 'गुप्त दालना'त घेऊन गेली. पाँपेईतली कामुक चित्रं आणि मूर्ती तिथे आहेत, त्यामुळे मामा-भाचीने एकत्र जायची ही जागा नव्हे. आम्ही दोघं नजर सरळ ठेवून एका काचेपाशी पोचलो. आत हस्तिदंताची वीतभर बाई. कमरेला मेखला, पायांत पोटरीभर कडी, दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी. 1938 मध्ये पाँपेईत सापडली, 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात. लक्ष्मी आहे का, शंकाच आहे. डोक्यात भोक आहे, तेव्हा ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावी. पण अगदी तिच्यासारखी मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, आणि तेरलाही तशी सापडली.

मी बराच वेळ उभा राहिलो. भोकरदनच्या बाजूचा एक व्यापारी आमच्याकडे वर्षानुवर्षं गुग्गुळ टाकायचा. त्याच वाटेवरून ही बाई, बैलगाडीने भडोचला, तिथून जहाजाने. शेजारच्या पोत्यात जटामांसी असेल तर तिला वासही लागला असेल.

सहावा दिवस : पाँपेई

इथे लिहायला खूप आहे आणि मी दोनच ठिकाणं लिहिणार आहे.

इसिसचं देऊळ. इ.स. 62 च्या भूकंपात पडलेलं हे देऊळ नुमेरिअस पोपिडिअस सेल्सिनस याने स्वखर्चाने बांधलं, असं दारावरचा लेख म्हणतो. सेल्सिनसचं वय 6. खर्च अर्थात बापाचा. इसिस ही इजिप्तची देवी, आणि तिच्या पूजेत दिवसातून तीन धूप. सकाळी राळ, दुपारी बोळ, संध्याकाळी किफी. ग्रीक लेखक प्लूटार्कने किफीचे 16 घटक दिलेत. मध, वाइन, मनुका, राळ, बोळ, नागरमोथा, वेखंड, वेलदोडा वगैरे. हा धूप मनाची गाठ सैल करतो, झोप आणतो, स्वप्नं स्वच्छ करतो, असं तो म्हणतो. देवळामागच्या भिंतीच्या सावलीत बसून मी यादी पुन्हा वाचली. अफू नाही, गांजा नाही. नागरमोथा, वेखंड, बोळ माझ्या खणांत आहेत. गुंगीपेक्षा संध्याकाळ, अंधार आणि वास यांचंच काम असावं.

दुसरं ठिकाण आम्ही पाहिलं नाही, ते तटाबाहेरच्या शेतात. 1996 मध्ये तिथल्या एका शेतघरात जमिनीत पुरलेले मातीचे मोठे रांजण निघाले. एकाच्या तळाच्या गाळात अफूच्या आणि भांगेच्या बिया, इतर पुष्कळ औषधी वनस्पती आणि सरडे-बेडकांची हाडं. इथे थेरिआकासारखं काही बनत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. खरा असेलही. पण दुकानदार म्हणून मला थोडी शंका आहे. उघड्या रांजणात सरडा पडायला औषधी कारण लागत नाही. आमच्या पोत्यांतही काय काय निघतं.

थोरला प्लिनी इथून जवळच, स्टॅबिएच्या किनाऱ्यावर, इ.स. 79 च्या व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता, लोकांना वाचवायला गलबतं घेऊन आला होता. अफूची भेसळ ओळखायची त्याची पद्धत अशी : पाण्यात टाकली तर शुद्ध अफू ढगासारखी तरंगते, भेसळीची फोडासारखी गोळा होते. दिव्यात शुद्ध जळते तेव्हा ज्योत स्वच्छ. उन्हात ठेवली तर शुद्ध घाम फुटून पातळ होते. त्यानेच एक नोंद केलीय, लिसिनिअस सेसिनाच्या बापाची. स्पेनमधली गोष्ट. आजार सोसवेना, तेव्हा त्याने अफूने जीव दिला. एका वाक्यात लिहून प्लिनी पुढे सरकतो.

रहस्यांच्या व्हिलाला पोचलो तेव्हा दार बंद व्हायची वेळ. बॅकस या मद्यदेवाची दीक्षा रंगवलेली लाल खोली पाच मिनिटं पाहिली. इ.स.पू. 186 मध्ये सिनेटने याच देवाच्या रात्रीच्या मेळ्यांवर निर्बंध घातले होते. खोलीतल्या बायकांकडे बघून ते फारसं पाळलं गेलं असेल असं वाटेना.

सातवा दिवस : परत

नेपल्सहून रोम, रोमहून विमान. मधल्या दोन तासांत भाचीने एका बेकरीत नेलं. काचेमागे पावांची रांग, आणि एका पावावर पाठभर काळसर निळी खसखस. "आता खा," ती म्हणाली, "अनारशांची भरपाई." मी डाव्या बाजूने सावकाश खाल्ला. चव आपल्या खसखशीपेक्षा किंचित कडसर.

विमानतळावर आधी स्वेटर झटकला. मग खिसे उलटे केले. मग पिशवीचा तळ. भाची हसत होती. तपासणीच्या रांगेत लागलो आणि जीभ सवयीने फुटक्या दाढेकडे गेली. फटीत एक दाणा अडकला होता. रांग सोडून मी स्वच्छतागृहात पाच वेळा चूळ भरली, भाचीकडून टाचणी मागून घेतली. दाणा निघाला की आणखी आत गेला, कळलं नाही. दुबईत उतरेपर्यंत मी तोंड मिटून बसलो होतो.